कालचे दिवे : नववीच्या चित्रकलेच्या तासाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्या नाशकातली एक अनुदानित, मराठी माध्यमाची शाळा. गोदाघाट तिथून चालत दहा मिनिटांवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे पुढे काही ठिकाणी तोच शब्द येईल. शाळेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नववीची तुकडी साठेक मुलांची. पंचवटी, तांबट आळी, सराफ बाजारामागच्या गल्ल्या, पेठ रोडच्या वस्त्या इथून येणारी मुलं. कुणाचे वडील अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यात, कुणाची आई चार घरची कामं करणारी, कुणाचं घाटावर पूजासाहित्याचं दुकान. चित्रकलेच्या मॅडम ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालेल्या, अनुभवी, हात अतिशय तयार. फळ्यावर खडूने पाच मिनिटांत बैलगाडी उभी करतील अशा. आठवड्याला एक जोडतासिका त्यांच्या वाट्याला येते. घटक चाचणी, क्रीडादिन, गणिताचा मागे राहिलेला धडा यांपैकी काहीही निघालं की आधी गदा येते ती याच तासावर.

शासकीय रेखाकला परीक्षांचं, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचं कामही त्यांच्याचकडे. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीच्या निकालात ३, ५ किंवा ७ वाढीव गुण मिळतात. पुष्कळ पालकांना चित्रकलेच्या तासाशी कर्तव्य असतं ते या गुणांपुरतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दहावीनंतर कुठे प्रवेश मिळतो यावर घरादाराचं गणित बसलेलं असतं.

मी कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. मॅडमच्याच सांगण्यावरून मी त्या वर्षी या वर्गात मागच्या बाकावर बसून नोंदी ठेवत होते. हे लेखन त्या नोंदींवरून आणि नंतर मॅडमशी झालेल्या बोलण्यावरून केलं आहे.

अडचण

वर्षाच्या सुरुवातीला रेखाकला परीक्षेतल्या स्मरणचित्राचा, म्हणजे समोर न पाहता आठवणीतून काढायच्या चित्राचा, सराव म्हणून मॅडमनी विषय दिला, 'नदीकाठ'. तासाभराने कागद गोळा झाले. जवळपास प्रत्येक कागदावर तेच. मागे त्रिकोणी डोंगर, दोन डोंगरांमध्ये अर्धा सूर्य, तिथून निघून खाली रुंद होत येणारी निळी पट्टी, काठावर नारळाचं झाड, कौलारू झोपडी, शिडाची होडी.

ही मुलं रोज नदी ओलांडून किंवा नदीच्या कडेने शाळेत येतात. त्यांच्या वाटेवर पायऱ्या आहेत, कुंडं आहेत, धुणं आपटणाऱ्या बाया आहेत, दशक्रियेला आलेली माणसं आहेत, नारोशंकराचं देऊळ आहे, दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं आहेत. यातलं काही म्हणता काही कागदावर आलं नव्हतं. शिडाची होडी मात्र होती, जी त्यांच्यापैकी कुणी गोदेवर कधी पाहिली नसेल.

मॅडमनी एका मुलीला विचारलं, "तुझ्या घरासमोर घाट आहे ना गं? मग तो का नाही काढलास?" ती म्हणाली, "मॅडम, ते चित्रात चांगलं नाही दिसत."

माझ्या मते सगळी अडचण या एका उत्तरात आहे. मुलांना हात नव्हता असं नाही, आणि आळस तर नव्हताच. त्यांच्या डोक्यात चित्राचा एक प्रांत होता आणि स्वतःच्या जगण्याचा वेगळा, आणि दोन्हींमधलं दार बंद होतं. परीक्षेच्या तयारीने ते दार आणखी घट्ट झालं होतं. स्मरणचित्रासाठी बाजारात तयार आकृत्यांची पुस्तकं मिळतात. छत्रीवाला माणूस, पाठमोरी बाई, फुगेवाला असे पाच-सहा जण पाठ करायचे आणि विषय कोणताही येवो, त्यांनाच तिथे उभं करायचं. वेळेच्या मर्यादेत हे चालून जातं.

वयाचाही भाग आहे. मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी बारा ते चौदा या वयात मुलं स्वतःच्या चित्राची कठोर टीकाकार होतात, असं नोंदवलं आहे. सातवी-आठवीपासून "मला चित्र येत नाही" हे वाक्य वर्गात ऐकू येऊ लागतं ते यामुळेच. अशा मुलाला पाठ केलेला डोंगर फार आधार देतो. तो चुकत नाही, आणि त्यावर कुणी हसत नाही.

समोरचे पर्याय

मॅडमनी आणि मी बसून यावर बराच विचार केला. चाललंय ते चालू ठेवणं हा पहिला पर्याय, आणि तो मोडीत काढण्यासारखा मुळीच नव्हता. स्थिरचित्रात डोळा तयार होतो, अक्षरलेखनात हात स्थिर होतो. गरीब घरच्या मुलाला ७ गुण मिळवून देणं हे चांगलंच काम आहे.

दुसरा पर्याय 'मुक्त चित्रा'चा. विषय द्यायचा नाही, मनातलं काढा म्हणायचं. या विचाराला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सेवाग्रामला कलाशिक्षक देवीप्रसाद यांनी नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिक्षणाच्या कल्पनेवर चालणाऱ्या शाळेत मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला केंद्रस्थानी ठेवून कला शिकवली. पण तिथे मुलांच्या दिवसभराच्या कामातच, शेतात आणि सूतकताईत, चित्राचं बी पडत होतं. आठवड्याच्या एका जोडतासिकेत ते कुठून पडणार? मॅडमनी हा प्रयोग आधीच्या वर्षी करून पाहिला होता. कार्टूनमधली पात्रं, बदाम आणि मोबाइलवरची सुविचारांची चित्रं, एवढंच हाती आलं. कोऱ्या कागदासमोर बसवून "मनातलं काढ" म्हटलं की मनात आधीपासून छापून बसलेलं तेवढं बाहेर येतं.

तिसरा पर्याय सामाजिक विषयांचा. 'स्वच्छ गोदावरी', 'झाडे लावा', 'मुलगी वाचवा'. स्पर्धा याच विषयांवर असतात आणि बक्षिसंही मिळतात. यावर आमचा बराच खल झाला, कारण वरवर पाहता यातच विचाराला वाव दिसतो. प्रत्यक्षात उत्तर विषयातच देऊन टाकलेलं असतं. रडणारी पृथ्वी आणि दोन तळव्यांतलं रोप काढायला मुलाला कशाचाच विचार करावा लागत नाही. डोंगराच्या जागी रडणारी पृथ्वी आली, इतकाच फरक.

शेवटी ठरलं ते असं : आधी चित्रं पाहायची, त्यांच्यावर प्रश्न विचारायचे, मग तेच प्रश्न घेऊन स्वतःच्या घराकडे, रस्त्याकडे, नदीकडे वळायचं, आणि मग काढायचं. परीक्षेची तयारी सोडायची नाही. एक आठवडा परीक्षेचा, एक आठवडा याचा. मुख्याध्यापक सरांनी "निकालावर परिणाम होणार नसेल तर करा" एवढी मुभा दिली.

काय केलं

प्रश्नांची पद्धत नवी नव्हती. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन यांनी संग्रहालयांतल्या प्रेक्षकांसाठी आणि शाळांसाठी तीन साधे प्रश्न घडवले आहेत. मॅडमनी ते आपल्या बोलीत आणले : या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? शिक्षकाने बरोबर-चूक म्हणायचं नाही, मुलाचं म्हणणं दुसऱ्या शब्दांत परत सांगायचं आणि पुढच्याला विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं. वीस वर्षं उत्तरं सांगायची सवय असलेल्या माणसाला गप्प राहणं किती जड जातं, हे मी मागच्या बाकावरून पाहिलं आहे.

पहिलं चित्र घेतलं ते रविवर्मा छापखान्यातल्या लक्ष्मीचं. हे चित्र मुलांच्या घरी होतं, दुकानात होतं, कॅलेंडरवर होतं. "कशावरून ही लक्ष्मी?" या प्रश्नावर कमळ, हत्ती, सोन्याची नाणी अशी उत्तरं आली. मग एका मुलाने विचारलं, "मॅडम, तिला नऊवारीसारखी साडी कुणी नेसवली?" इथून तास वेगळ्याच वाटेला लागला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या स्वस्त छापील चित्रांमधून देवादिकांचे हे चेहरे घरोघरी पोचले, हे मॅडमनी सांगितलं. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम केलं होतं, हेही आलं. ज्याला आपण देवाचं रूप समजतो त्यात एका चित्रकाराने घेतलेले निर्णय असतात, ही गोष्ट मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली. श्रद्धेला धक्का वगैरे काही लागला नाही. मुलं अधिक लक्ष देऊन पाहू लागली, एवढंच.

त्यानंतर चित्रकार नंदलाल बोस यांनी काँग्रेसच्या १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी केलेली फलकचित्रं पाहिली. ढोल वाजवणारा, नांगर धरलेला शेतकरी, रोजची माणसं मोजक्या जोरकस रेषांत. तांबट आळीतला एक मुलगा म्हणाला, "एवढंच काढलं तरी चालतं?" पुढच्या तासाला त्याने वडिलांचा हातोडा धरलेला हात आणि हंड्यावरचे मठारकामाचे ठोके काढून आणले. माणूस नाही, दुकान नाही. चार वर्षांत त्या मुलाने स्वतःहून आणलेलं ते पहिलंच चित्र, असं मॅडम म्हणाल्या. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची घाटाची जलरंगचित्रंही पाहिली, आणि "ते चित्रात चांगलं नाही दिसत" म्हणणारी मुलगी ती बराच वेळ न्याहाळत राहिली.

*डोंगर काढणारा मुलगा.* पेठ रोडहून येणारा एक मुलगा इतकं होऊनही डोंगर, सूर्य आणि झोपडीच काढत होता. त्याला हे बंद करायला सांगावं का, असा प्रश्न होता. मॅडमनी सांगितलं नाही, विचारलं. तो म्हणाला, "हे माझ्या मामाचं गाव आहे." गाव पेठ तालुक्यातलं, डोंगरातच. मग "कशावरून?" सुरू झालं. मामाच्या घराला कौलं की गवत? सूर्य या डोंगरामागून उगवतो की मावळतो? घराचं तोंड कुठे? त्याला निम्म्याहून अधिक उत्तरं आली नाहीत. दिवाळीत तो गावाला जाऊन पाहून आला. पुढच्या चित्रात डोंगराचा एक खांदा तुटका होता, नारळ गेला होता आणि अंगणात उडीद वाळत घातला होता. तयार साच्यातलं चित्र म्हणजे पोकळच, असं आम्ही दोघींनीही गृहीत धरून चाललो असतो, तर या मुलाचं मामाचं गाव आम्हाला कळलंच नसतं.

*पुराचं चित्र.* २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला मोठा पूर आला तेव्हा ही मुलं लहान होती, पण तो सगळ्यांच्या लक्षात होता. नाशकात पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, हीच इथली मापं. मॅडमनी सांगितलं, तुम्हाला आठवतो तसा पूर काढा. कागदांवर पाणी कुठे मारुतीच्या छातीला, कुठे डोक्यावरून, कुठे मारुती दिसतच नाही. भांडणं जुंपली. "मी पाहिलंय", "माझ्या पप्पांनी व्हिडिओ दाखवला", "आजी म्हणाली".

मॅडमनी फळ्यावर तीन रकाने केले : स्वतः पाहिलं, कुणी सांगितलं, मोबाइलवर पाहिलं. प्रत्येकाने आपल्या चित्रातली कोणती गोष्ट कोणत्या रकान्यातली, ते लिहायचं. बऱ्याच मुलांच्या लक्षात आलं की आपल्याला लख्ख आठवणारा पूर आपण पाहिलेलाच नाही. एका मुलीने स्वतः पाहिलेलं तेवढंच ठेवायचं ठरवलं. तिच्या कागदावर उरला घराचा जिना, तिसऱ्या पायरीपर्यंत आलेलं पिवळट पाणी आणि त्यावर तरंगणारी एकच चप्पल. जुन्या वर्तमानपत्रांतली छायाचित्रं काढून पाहिली तेव्हा वेगवेगळ्या वेळी पाणी वेगवेगळ्या उंचीवर होतं, म्हणजे भांडणारे दोघेही खरे असू शकत होते. पुराव्याबद्दल याहून चांगला तास मी इतिहासाच्या वर्गातही पाहिलेला नाही.

वादात सापडलेलं चित्र

स्नेहसंमेलनात चित्रप्रदर्शन ठरलं. विषय पुन्हा तोच, नदीकाठ. एका मुलीने मोबाइलवरून पाहून 'गोदामाई वाचवा'चं चित्र आणलं, मुकुट घातलेली नदी आणि तिच्या डोळ्यांत पाणी. रंगकाम सुंदर होतं. मॅडमनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, आम्ही तर घाटावर दिवेच विकतो. मी खरं काढलं तर आम्हीच घाण करतो असं होईल."

हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा की नाही, हा मॅडमनी क्षणात घेतलेला निर्णय होता आणि तो फार मोलाचा ठरला. वर्गात विचारला असता तर ते उत्तर आलंच नसतं, किंवा आलं असतं तर वर्गाने तेच धरून तिला चिडवलं असतं आणि मुलगी उघडी पडली असती. मॅडमनी तिला काढ असंही म्हटलं नाही. "तुला वाटलं तर काढ, नाही वाटलं तर हे आहेच," इतकंच.

दोन आठवड्यांनी तिने दुसरं चित्र आणलं. वरून पाहिलेला घाट. खालच्या कोपऱ्यात पाठमोरी आई, तिच्यापुढे पाटीत रचलेले द्रोण, एकेकात झेंडू, गुलाबाच्या पाकळ्या आणि वात. वरच्या भागात काळपट हिरवं पाणी आणि पायरीला अडकलेले तसेच द्रोण, विझलेल्या वातींसकट. विकायचे आणि विकलेले यांच्यामध्ये एकच पायरी. खाली नाव लिहिलं होतं, 'कालचे दिवे'.

चित्राची बातमी शेजारच्या मुलाकडून तिच्या घरी पोचली. वडील शाळेत आले. आवाज चढलेला होता. "पोरीला शिकायला पाठवली का आमचं दुकान उठवायला?" मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि "भाऊ, तुमच्या परवानगीशिवाय हे कुठेही लागणार नाही," असं स्पष्ट सांगितलं. वडिलांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रोजच्या विक्रीवर चालणारं घर. घाटावरच्या अस्वच्छतेची चर्चा निघाली की पहिलं बोट टोपलीवाल्याकडे जातं; नदीत येऊन मिळणाऱ्या सांडपाण्याकडे जात नाही. मुलीच्या चित्राने ते बोट आणखी नेमकं होईल, ही भीती खरी होती.

समोर तीन मार्ग होते. चित्र लावायचंच नाही, नाव न देता लावायचं, किंवा घरच्यांशी बोलून ठरवायचं. मॅडम तिसऱ्याला लागल्या. संध्याकाळी त्या घाटावर गेल्या, चित्र सोबत नेलं. मी बरोबर होते. आई म्हणाली, "दाखवा तरी काय काढलंय ते." तिने चित्र हातात घेऊन नीट पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाली, "हे चुकलंय. पानाचा द्रोण असा नाही राहत. दोन-चार दिवसांत मऊ पडतो, गळतो. राहतो तो हा चमकीचा. तो आम्ही ठेवतो कारण तो स्वस्त पडतो, आणि गिऱ्हाइकाला चकाकी लागते."

मुलीने रोज पाहूनही हे पाहिलं नव्हतं. तिने सगळे द्रोण सारखे काढले होते. 'कशावरून?' हा प्रश्न त्या संध्याकाळी आईने विचारला, आणि उत्तरही तिच्याच कामातून आलं. माझ्या नोंदवहीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान आहे. विचार करायला शिकवणं म्हणजे शाळेने घराला शहाणं करणं, असा एक छुपा अहंकार आपल्या पेशात असतो. इथे नेमकी माहिती घराकडे होती.

तिसऱ्या चित्रात पायरीला अडकलेल्या द्रोणांपैकी काही तपकिरी होऊन पाण्यात विरत चालले होते आणि काही तसेच चकाकत होते. चमकीसाठी तिने चॉकलेटच्या वेष्टनाचे तुकडे चिकटवले. आईवडील दोघेही तयार झाले, मुलीचं नाव मात्र लावायचं नाही या अटीवर. चित्राखाली मुलीने चार वाक्यं लिहिली : "हे घाटावरचं दुकान आहे. पानाचा द्रोण गळून जातो. चमकीचा राहतो. चमकीचा स्वस्त पडतो."

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी संस्थेचे एक पदाधिकारी पाहणीला आले. चित्र प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर होतं. "सिंहस्थ तोंडावर आलाय, बाहेरगावचे पाहुणे येणार, आणि आपल्या दारात गंगेची ही शोभा?" असं ते म्हणाले. मॅडमनी समजावून पाहिलं. मुख्याध्यापक सरांनी मधला मार्ग काढला. चित्र उतरवून ठेवायचं नाही, पण पहिल्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या बाजूच्या भिंतीवर हलवायचं.

परिणाम

प्रदर्शन पार पडलं. वर पोचलेल्या पालकांपैकी काही जण त्या चित्रासमोर थांबले. द्रोणाच्या भावाबद्दल बोलणं झालं, पानाचे द्रोण आता कुठून येतात याचीही विचारणा झाली. खाली प्रवेशद्वारापाशी रामकुंडावरच्या सूर्योदयाचं एक चित्र लागलं होतं. तेही त्याच वर्गातल्या मुलाने मनापासून काढलेलं होतं आणि चांगलं होतं.

मुलीने मॅडमना विचारलं, "माझं वाईट आलंय का?" मॅडमनी तिला खरं ते सांगितलं : चित्र चांगलं आहे, काही मोठ्या माणसांना ते दारात नको वाटलं. त्यानंतर बरेच आठवडे तिने फक्त स्थिरचित्रं काढली. बरणी, लिंबू, घडी घातलेलं कापड. नीटनेटकी, छायाप्रकाश चोख. मॅडमनी तिला टोकलं नाही. वर्ष संपेपर्यंत ती घाटाकडे परत वळली नव्हती.

रेखाकला परीक्षेच्या श्रेणी दरवर्षीसारख्याच आल्या. वाढल्या नाहीत, घसरल्याही नाहीत, आणि मुख्याध्यापकांची अट पाळली गेली. सरावाच्या स्मरणचित्रांत मात्र फरक होता. 'बसस्थानक' विषयावर पाठ केलेल्या आकृत्यांसोबत निमाणी स्थानकावरची माणसं दिसू लागली, कांद्याच्या गोणीवर बसलेला म्हातारा आणि मोबाइलमध्ये मान घातलेला कंडक्टर. सगळ्यांच्याच कागदावर नाही. वर्गातला मोठा भाग अजून साच्यातच सुखी होता आणि प्रश्नांच्या तासाला बोलणारी मुलं बहुतेक तीच ती होती.

काय वेगळं करता आलं असतं

घरच्यांना विचारणं उशिरा झालं. 'तुझ्या जगण्यातलं काढ' असं मुलाला म्हटलं की त्याच्यासोबत आई, बाप, शेजारी, कर्ज, भांडण सगळं कागदावर येऊ शकतं. जून महिन्यातल्या पालकसभेतच हे सांगायला हवं होतं, आणि प्रत्येक चित्र पूर्ण झाल्यावर मुलाला एक प्रश्न ठरून विचारायला हवा होता : हे कुणाकुणाला दाखवायचं? काही चित्रं वहीतच राहावीत, काही फक्त वर्गाने पाहावीत, काही भिंतीवर जावीत. हा हक्क मुलाचा. या प्रकरणात तो वडील रागावून आल्यावर आठवला.

चित्र हलवण्याच्या निर्णयाबद्दल मुख्याध्यापकांची अडचण मला कळते. संस्था, अनुदान, संमेलन, सगळं त्यांच्या डोक्यावर. तरीही मला तो निर्णय पटलेला नाही. त्या संध्याकाळी वर्गातली पाच-सहा मुलं शाळेतच होती, फलक लावत होती. पदाधिकाऱ्यांना खुर्ची देऊन मुलांकरवी तेच तीन प्रश्न विचारता आले असते. यात काय चाललंय? कशावरून? अजून काय दिसतंय? कदाचित त्यांचं मत बदललं नसतं. पण मुलांना समोरासमोर असहमती ऐकायला मिळाली असती आणि आपली बाजू कारणांसह मांडायला मिळाली असती. वर्षभर ज्याचा सराव केला ते वापरायची वेळ आली तेव्हा निर्णय मोठ्यांनी कार्यालयात घेतला. त्यातून मुलं जे शिकली तेही शिक्षणच आहे, आणि ते आपल्याला नको होतं.

तिसरी गोष्ट वर्गाच्या संख्येची. साठ मुलांत एकत्र चर्चा म्हणजे दहा जणांची चर्चा. मॅडमनी वर्षाच्या शेवटी सहा-सहांचे गट करून पाहिले, प्रत्येक गटात एकाने फक्त "कशावरून?" विचारायचं. त्यात तोवर तोंड न उघडलेल्या मुली बोलल्या. हे जुलैपासून व्हायला हवं होतं.

गुण द्यायचे कसे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मॅडम यंदा चित्रकला वहीची डावी-उजवी पानं वेगळी वापरत आहेत. डावीकडे पहिलं चित्र आणि त्यावर कुणीतरी विचारलेला एक प्रश्न, उजवीकडे त्यानंतरचं चित्र. गुण रेखाटनाच्या सफाईला आहेतच, शिवाय दोन पानांमध्ये काय बदललं आणि का, हे मुलाला सांगता येतं का, यालाही आहेत. तपासायला वेळ जास्त लागतो. एका वर्गासाठी त्या तो काढत आहेत. बाकीच्या तुकड्यांसाठी कसा काढायचा, यावर आमचं बोलणं चालू आहे. यंदाच्या प्रदर्शनात कोणतं चित्र कुठे लागेल ते ठरवणाऱ्या समितीत दोन विद्यार्थी असावेत, असा अर्ज त्यांनी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.